कॅसेट खराब नव्हती

वाचक विचारतात : पाश्चात्त्य आणि इलेक्ट्रॉनिक संगीत

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नेरूळला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मित्र सिंथ-पॉप, म्हणजे सिंथेसायझरवरचं पॉप, वाजवतो. दोन जुने कीबोर्ड, एक लॅपटॉप आणि वाशीला तासाच्या भाड्याने मिळणारी एक खोली, एवढंच आमचं भांडवल. मागच्या अंकात तुम्ही ओएमडी या ब्रिटिश सिंथ-पॉप बँडच्या 'डॅझल शिप्स'चा ओझरता उल्लेख केला होता, म्हणून तो अल्बम ऐकला. निम्म्या ठिकाणी गाणीच नाहीत! मित्र हसले. मग वाचलं की १९८३मध्ये समीक्षकांनीही तो झोडपला होता आणि आज त्यालाच मास्टरपीस म्हणतात. कोणाचं खरं मानायचं? आणखी एक. आमच्या नव्या गाण्यात ट्रान्स-हार्बर लोकलमधल्या घोषणा घालायचा विचार आहे. घालाव्यात का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुझ्या मित्रांचं हसू मी समजू शकते. हा अल्बम आमच्या घरी पहिल्यांदा वाजला तेव्हा कोणी हसलं नाही, पण माझ्या बाबांनी टेपरेकॉर्डर उघडला होता.

१९८४चा मे महिना. माझी बारावी नुकतीच संपली होती. आम्ही नौपाड्यात दोन खोल्यांत राहायचो आणि बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान जांभळी नाक्याजवळ होतं. मामा मर्चंट नेव्हीत, इंजिन रूममध्ये. कुठल्याही बंदरात उतरला की भाच्यांच्या याद्या त्याच्या खिशात असायच्या. माझ्या यादीत एकच नाव होतं : 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी', ओएमडीचा आधीचा अल्बम. एका मैत्रिणीकडे त्यातली 'सुव्हेनीर' आणि 'मेड ऑफ ऑर्लिन्स' ही गाणी कुणी तरी कुणाकडून तरी उतरवून घेतलेल्या टेपवर ऐकली होती आणि मी त्यांच्या प्रेमात होते. दुकानदाराने मामाला सांगितलं, ते नाही, पण याच बँडचा हा नवा आहे. मामाने तो आणला.

मी कॅसेट लावली. आधी खरखर, मग तुतारीसारखी एक छोटी धून, मग न कळणाऱ्या भाषेत कोणी तरी बोलतंय. बाबा दारात चपला काढत होते. म्हणाले, "याच्यात रेडिओ घुसतोय." तसं व्हायचं तेव्हा. टेपरेकॉर्डरचं शिल्डिंग नीट नसलं की जवळचं स्टेशन अँप्लिफायरमध्ये शिरतं आणि गाण्याच्या मागे बातम्या ऐकू येतात. त्यांनी मागचं झाकण काढलं, अर्थिंगची तार तपासली, हेड स्पिरिटने पुसलं आणि टेप मागे घेऊन पुन्हा लावली. पुन्हा तीच धून. बाबा स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसेच थांबले आणि म्हणाले, "अगं, हे तर प्राग आहे."

माझ्यासाठी या अल्बमची सगळी गोष्ट त्या वाक्यात आहे. म्हणून ते आधी सांगितलं.

शॉर्टवेव्हवर परदेशी केंद्रं कार्यक्रम सुरू होण्याआधी काही मिनिटं एक छोटी धून पुन्हा पुन्हा वाजवत. ऐकणाऱ्याला काटा फिरवून स्टेशन नेमकं पकडता यावं, एवढ्यासाठी. बाबा रात्री जेवणं झाली की मर्फीच्या सेटवर ही स्टेशनं शोधायचे. मॉस्को, पूर्व बर्लिन, हिल्व्हरसम, प्राग. कुठलं किती स्पष्ट लागलं त्याचा रिपोर्ट पोस्टाने पाठवायचे आणि मग तिकडून पोच म्हणून क्यूएसएल कार्डं यायची. एक बिस्किटांचा डबा त्या कार्डांनी भरलेला होता. 'डॅझल शिप्स'चा पहिला तुकडा, 'रेडिओ प्राग', म्हणजे चेकोस्लोव्हाक रेडिओच्या परदेशी सेवेची तीच ओळखीची धून. बँडने त्यात जवळजवळ काही केलेलं नाही. रेडिओवरून उचलली आणि अल्बमच्या दारात ठेवली.

आता जरा बाजूला जाते, कारण इथे मला राहवत नाही. आकाशवाणीची सकाळची धून आपल्या सगळ्यांच्या कानांत आहे. ती बांधण्याचं श्रेय वॉल्टर काउफमन यांना दिलं जातं. ते १९०७मध्ये कार्ल्सबादला जन्मले, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोव्ही व्हारीला. शिकले बर्लिन आणि प्रागमध्ये. युरोपात ज्यूंना दिवस वाईट आले तेव्हा १९३४मध्ये मुंबईला आले आणि पुढे आकाशवाणीत संगीताचं काम पाहू लागले. तेव्हा रेडिओवरच्या धुनांचा प्रागहून मुंबईला येण्याचा रस्ता या अल्बमच्या पन्नास वर्षं आधीपासूनचा आहे. बाबांना हे ठाऊक नव्हतं. मलाही फार उशिरा कळलं. त्यांना सांगायला मिळालं असतं तर त्यांनी तो डबा पुन्हा काढला असता.

तर, १९८३मध्ये काय झालं?

अँडी मॅकक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज ही लिव्हरपूलच्या पलीकडच्या विरल भागातली मुलं. मॅकक्लस्कीने १९७५मध्ये लिव्हरपूलला क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा कार्यक्रम पाहिला आणि त्याला दिशा सापडली. हम्फ्रीजला इलेक्ट्रॉनिक्स येत होतं. सुरुवातीच्या दिवसांत तो घरातल्या जुन्या रेडिओंचे भाग काढून आवाजाची यंत्रं बनवायचा. (हे वाचल्यापासून तो मला आमच्या दुकानातल्या मुलांपैकीच एक वाटतो.) १९८१मधल्या 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी'मधली तीन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या पाचांत गेली. मेलोट्रॉनवरचे (टेपवर साठवलेले आवाज वाजवणारा कीबोर्ड) ते कोरस, ती मोठी, उदास, गुणगुणता येणारी चाल. रेकॉर्ड कंपनीला अर्थातच तेच आणखी एकदा हवं होतं.

४ मार्च १९८३ला आला 'डॅझल शिप्स'. जेमतेम पस्तीस मिनिटांचा. त्यात जहाजांचे भोंगे, सोनारचे ठोके, निरनिराळ्या देशांतली फोनवर वेळ सांगणारी बोलती घड्याळं, 'स्पीक अँड स्पेल' या मुलांच्या खेळण्याचा यांत्रिक आवाज. अल्बम ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला खरा, पण तो आधीच्या पुण्याईवर. 'जेनेटिक इंजिनीअरिंग' हे सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, विसाव्या क्रमांकावर थांबलं, 'टेलिग्राफ' बेचाळिसाव्या. बँडमधले स्वतःच सांगत आले आहेत की आधीचा अल्बम तीस लाख खपला होता आणि हा तीन लाखांवर राहिला. परीक्षणं बहुतेक नाराजीची होती. आव फार, गाणी कमी, असा एकूण सूर.

आता हे लक्षात घे की ते समीक्षक बहिरे नव्हते. त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं आणि ते मी तुला मोजून दाखवते. अल्बमवर बारा तुकडे आहेत. त्यांतले पाच निव्वळ ध्वनिचित्रं : 'रेडिओ प्राग', 'एबीसी ऑटो-इंडस्ट्री', 'धिस इज हेलेना', 'डॅझल शिप्स' आणि 'टाइम झोन्स'. उरली सात गाणी. त्यांतली 'द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप' आणि 'ऑफ ऑल द थिंग्ज वुई हॅव मेड' ही दोन आधीच्या सिंगल्सच्या मागच्या बाजूला येऊन गेली होती. 'रेडिओ वेव्ह्ज' तर ओएमडी होण्यापूर्वीच्या त्यांच्या 'द इड' या बँडच्या काळातलं. 'टेलिग्राफ'चा एक खर्डा १९८१मध्येच ध्वनिमुद्रित झाला होता. २००८च्या नव्या आवृत्तीत तो ऐकायला मिळतो. म्हणजे अगदी नवी कोरी गाणी उरतात तीन. तेवीस-चोविशीतली मुलं, प्रचंड यश पाठीशी, वर्षभर दौरे आणि हातात तीन गाणी! ध्वनिचित्रांमागे एक मोठी कल्पना होती हे मला मान्य आहे. पण वहीत गाणी कमी होती, हेही खरं. आजचे कौतुक करणारे हा हिशेब सहसा मांडत नाहीत.

मग तरीही मी हा अल्बम चाळीस वर्षं का ऐकतेय?

कारण जे भाग बसले आहेत ते असे बसले आहेत की दुसऱ्या कुणाकडे तसं काही सापडत नाही. 'इंटरनॅशनल' घे. सुरुवातीला बातमीदाराचा आवाज आहे. निकाराग्वातल्या एका मुलीबद्दल तो सांगतो, हुकूमशहा सोमोझाच्या जुन्या सैनिकांनी तिचे दोन्ही हात मनगटापासून तोडले. आवाज सपाट, बातम्यांचा असतो तसा. आणि मग मॅकक्लस्की गाऊ लागतो, संथ, जवळजवळ भजनाच्या गतीने. त्या गाण्यात बातमी शोभेला घातलेली नाही. ती काढली तर गाणं कशावर रडतंय हे कळणारच नाही. रात्री बाबांच्या रेडिओवर असंच व्हायचं. काटा अर्धा मिलिमीटर सरकला की कुठल्या तरी देशातलं युद्ध आमच्या स्वयंपाकघरात यायचं आणि पुढच्या अर्ध्या मिलिमीटरला नाचाचं गाणं. पोलादी पडद्याच्या दोन्ही बाजूंचे आवाज एकाच पट्टीवर शेजारी शेजारी. हा अल्बम त्या पट्टीसारखा बांधला आहे. गाणं, खरखर, घड्याळ, गाणं. ज्याने रात्री काटा फिरवलाय त्याला ही रचना सांगावी लागत नाही.

तेव्हाच्या लंडनच्या समीक्षकांकडे रेडिओ नव्हते असं मुळीच नाही. पण ते दुसऱ्या 'सुव्हेनीर'ची वाट पाहत बसले होते. मीही तशीच बसले होते! बाबांनी ओळख पटवून दिली नसती तर मीही कॅसेट मामाला परत केली असती. माझं कौतुक त्यांच्या त्या एका वाक्यावर उभं आहे, माझ्या कानांच्या थोरवीवर नाही.

नावाबद्दल थोडं. पहिल्या महायुद्धात, १९१७मध्ये, नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने जहाजांवर काळेपांढरे तिरपे पट्टे रंगवण्याची कल्पना मांडली. जहाज लपवण्यासाठी नव्हे. पाणबुडीला टॉर्पेडो सोडताना जहाज आत्ता आहे तिथे नव्हे, तर काही वेळाने जिथे असेल तिथे नेम धरावा लागतो. पट्ट्यांमुळे जहाजाचं तोंड कुठे, वेग किती, याचा अंदाज चुकायचा. एडवर्ड वॉड्सवर्थने अशा रंगकामावर देखरेख केली आणि १९१९मध्ये लिव्हरपूलच्या सुक्या गोदीतल्या अशा जहाजाचं चित्र काढलं. मुखपृष्ठकार पीटर सॅव्हिलने ते चित्र बँडला सुचवलं आणि अल्बमला नाव मिळालं. मुखपृष्ठाला छिद्रं पाडलेली होती. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात, ७ मार्चला, न्यू ऑर्डर या बँडचं 'ब्लू मंडे' आलं, तेही सॅव्हिलच्याच छिद्रं पाडलेल्या वेष्टनात. ते बारा इंची तबकडीच्या इतिहासात गेलं.

या जहाजांवरून अनेक जण लिहितात की अल्बमनेही समीक्षकांची दिशाभूल केली. मला ही उपमा पटत नाही. बँड काही लपवत नव्हता. रेडिओ, तार, दुर्बीण, वेळ सांगणारं घड्याळ : माणसं एकमेकांपर्यंत पोहोचायला यंत्रं बनवतात आणि तरीही दूरच राहतात, हे त्यांनी प्रत्येक तुकड्यात उघड सांगितलं आहे. ऐकायला कोणी थांबलं नाही, इतकंच.

परिणाम मात्र खरा झाला. मॅकक्लस्कीने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे की त्या आपटीने ते घाबरले. त्यांना एकाच वेळी अ‍ॅबा (लोकप्रिय पॉप बँड) आणि स्टॉकहाउझन (प्रयोगशील जर्मन संगीतकार) व्हायचं होतं; त्यानंतर स्टॉकहाउझन हळूहळू मागे पडला. १९८४चा 'जंक कल्चर' उजळ, नाचरा आहे. त्यातलं 'लोकोमोशन' पुन्हा पाचव्या क्रमांकावर गेलं. १९८६मध्ये 'इफ यू लीव्ह' अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोहोचलं. ही गाणी वाईट नाहीत. पण 'इंटरनॅशनल'नंतर ती ऐकताना मला दर वेळी वाटतं, या मुलांना आणखी एक अल्बम मिळायला हवा होता, न घाबरता केलेला. तो जवळजवळ तीस वर्षांनी, २०१३च्या 'इंग्लिश इलेक्ट्रिक'मध्ये तुकड्यातुकड्यांनी आला. त्यातलं 'डेसिमल' ऐक, बोलते आवाज परत आले आहेत.

कोणाचं खरं मानायचं, हा तुझा प्रश्न. १९८३चे समीक्षक आधीचा अल्बम डोक्यात ठेवून ऐकत होते. आजचे बरेच जण नंतरचे अल्बम डोक्यात ठेवून ऐकतात. रेडिओहेड या ब्रिटिश बँडने २०००मध्ये 'किड ए' हा अल्बम केला तेव्हापासून 'डॅझल शिप्स'ला त्याचा पूर्वज म्हणायची पद्धत पडली आहे. दोघांपैकी कुणीही मला या अल्बमच्या आत नेत नाही. समीक्षक मी वाचते ते एवढ्यासाठी की त्याने काय ऐकलं ते त्याने नेमकं सांगावं. "सोळाव्या सेकंदाला इथे काय होतं बघ" असं सांगणारा नापसंती लिहीत असला तरी माझ्या उपयोगाचा. "कालातीत" म्हणून मोकळा होणाऱ्याचा मला उपयोग नाही.

तुझ्या मित्रांना आख्खा अल्बम पुन्हा लावून छळू नकोस. आधी 'टेलिग्राफ' ऐकव, मोठ्या आवाजात. मग 'सायलेंट रनिंग'. तिसऱ्या दिवशी दिवे बंद करून पहिली बाजू सुरुवातीपासून.

आणि लोकलच्या घोषणा. घाल की. पण का घालतोयस ते आधी ठरव. 'धिस इज हेलेना' मला आजही पोकळ वाटतं, कारण तिथे आवाज फक्त गंमतीदार आहे म्हणून आलाय. 'इंटरनॅशनल'मधला आवाज गाण्याचं ओझं उचलतो. ठाणे–नेरूळ गाडीत मी आठवड्यातून दोनदा बसते. पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन, आणि शेवटी तीनही वेळा तेच नाव. तुर्भे, तुर्भे, तुर्भे. चाल त्यात आयतीच आहे. तू त्यावर काय गाणार आहेस? रबाळे-घणसोलीला रात्रपाळीला उतरणारी माणसं ते नाव झोपेत ऐकतात आणि बरोबर उठतात. तिथे मला गाणं दिसतं. तुला तुझं दिसेल. घोषणा उचललीस तर तिच्याभोवतीचा डब्याचा आवाजही ठेव, स्वच्छ करू नकोस. झालं की मला पाठव, मी खरंच ऐकेन.

प्रश्न : आपण विलायती बँडवर भरभरून लिहिता. आपल्याकडे सिंथेसायझरवर असं धाडसाचं काही झालंच नाही का? की झालं आणि आपणच दुर्लक्ष केलं? – एक ज्येष्ठ वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : झालं, आणि दुर्लक्षही आपणच केलं. तेही नेमकं त्याच सुमाराला आणि आपल्या मुंबईत.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले नामांकित वादक. गिटार, बेस, कीबोर्ड, जे हातात येईल ते. १९८२मध्ये त्यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. रोलंड कंपनीची तीन यंत्रं, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ताल देणारं टीआर-८०८ आणि बेसचं टीबी-३०३, आणि दहा राग : भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. एचएमव्हीने ती काढली. खपली नाही. शास्त्रीयवाल्यांना डिस्को नको होता आणि डिस्कोवाल्यांना तोडी.

टीबी-३०३ हे यंत्र एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. सिंगसाहेबांच्या कानाने त्यात मींड ओळखली. मोठी गोष्ट आहे ही. यंत्र बनवणाऱ्यांच्या मनातही नसलेला उपयोग त्यांनी रागाच्या गरजेतून काढला.

२००२मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ही तबकडी भारतात मिळाली आणि २०१०मध्ये त्यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली. युरोप-अमेरिकेत खळबळ उडाली, कारण शिकागोच्या फ्युचर या गटाचं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' हे १९८७चं, आणि अ‍ॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा जन्म तिथून मोजतात. मग मथळे आले : अ‍ॅसिड हाउसचा खरा जनक मुंबईत! सिंगसाहेबांना उतारवयात परदेशी रंगमंच मिळाले याचा मला फार आनंद आहे. २०१५मध्ये ते गेले.

पण त्या मथळ्यांशी माझं भांडण आहे. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. मग 'जनक' कसले? हे म्हणजे वर लिहिलं तेच, आपल्या आवडीच्या नंतरच्या गोष्टीची पट्टी घेऊन आधीची गोष्ट मोजायची. त्यात राग कुठे गेला? कुठल्याही परदेशी परीक्षणात मला वाचायला मिळालं नाही की तोडीतला कोमल गंधार या यंत्रावर कसा लागतो. मी सांगते : लागत नाही. यंत्राचे बारा स्वर ठरलेले आहेत. तोडीचा गंधार त्याहून खाली उतरून झुलायला हवा, तो तिथे सरळ उभा राहतो आणि तोडी कोरडी पडते. ललत मात्र अप्रतिम उतरला आहे. दोन्ही मध्यम शेजारी शेजारी येतात तिथे ३०३ची ती घसरण अशी काही वळते की अंगावर काटा येतो. कलावतीही छान. यमन मला सपाट वाटतो. यमनला श्वास लागतो आणि ८०८ कुणाला श्वास घेऊ देत नाही.

हे सगळं १९८२मध्ये आपल्या एखाद्या जाणकाराने लिहायला हवं होतं, निंदा म्हणून का होईना. त्यावर वाद झाला असता तर सिंगसाहेबांनी कदाचित दुसरी तबकडी केली असती. ओएमडीला निदान शिव्या तरी मिळाल्या. यांच्या वाट्याला शांतता आली, आणि मला ती जास्त वाईट वाटते.

तुम्ही पाचपाखाडीत राहता आणि शास्त्रीय ऐकत असाल असं पत्रावरून वाटतं. ललत एकदा पहाटे ऐका आणि मला न पटणारं काय वाटलं तेही कळवा.

प्रश्न : वडिलांच्या दीडशे कॅसेट सापडल्या. निम्म्यांवर पांढरी बुरशी आहे. ऐकता येतील का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : खाडीकाठची हवा आणि लोखंडी कपाट. असंच होतं.

बुरशी दिसणारी एकही कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका. एकीची बुरशी हेडवरून पुढच्या दहांना लागते. आधी बाधित आणि स्वच्छ अशा दोन ढिगाऱ्यांत वेगळ्या करा. बाधित कॅसेट आठवडाभर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. उन्हात वाळवू नका, टेप आखडते. मग मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून, षट्‌कोनी पेन्सिलीने सावकाश पुढे-मागे फिरवा आणि मऊ कोरड्या कापडाच्या कडेने टेप हलकीच पुसत जा. कॅसेट स्क्रूची असेल तर उघडून आतली चाकं नव्या रिकाम्या कवचात घालता येतात. मधला तो स्पंजचा छोटा तुकडा, ज्याने टेप हेडला टेकते, तो गळून पडला असेल तर आवाज बसका येईल. तो दुसऱ्या निकामी कॅसेटमधून काढून लावता येतो. हे झालं की एखाद्या जुन्या, गेला तरी चालेल अशा टेपरेकॉर्डरवर लावा आणि पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या, कारण दुसरी वेळ मिळेलच असं नाही. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

बाजारात मिळणारी गाणी वाचवण्यात वेळ घालवू नका. ती आज कुठेही मिळतात. आधी शोधा हाताने लिहिलेल्या लेबलांच्या : बारशी, भजनं, रेडिओवरून उतरवलेलं काही, कुणाचं बोलणं.

माझी 'डॅझल शिप्स'ची कॅसेट मी अशीच दोनदा वाचवली. पहिल्या बाजूला 'रेडिओ प्राग'च्या आधी, कोऱ्या टेपवर, कधी तरी चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं होतं. तिथे चार सेकंद बाबांचा आवाज आहे. दुकानातल्या मुलाला ते कंडेन्सर आणायला सांगताहेत. तो भाग मी वेगळा उतरवून ठेवला आहे, खरखर न काढता.